सात फोन आणि एक विळी

मी सांगलीत अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. म्हणजे व्याख्या, प्रयोगवही आणि बोर्डाचा पेपर. तरीही आमच्या भावकीत कुणाचं मन बिघडलं की फोन मला येतो. एखाद्याचा पोरगा आयटीआय करून वायरमन झाला की गावभरचे मिक्सर त्याच्या गळ्यात पडतात, तसंच हे. बहुतेक वेळा मी एखाद्या समुपदेशकाचं किंवा डॉक्टरचं नाव सुचवून मोकळी होते. या वेळी सुचवलेलं नाव चुकलं आणि त्याचा भुर्दंड माझ्या भावजयीला पडला. म्हणून तिच्यासाठी योग्य थेरपिस्ट शोधण्याची ही हकीकत पहिल्यापासून लिहून काढली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने मजकूर वाचला, दोन परिच्छेद काढायला लावले आणि एका ठिकाणी म्हणाली, "ताई, मी असं म्हणाले नव्हते, याहून वाईट म्हणाले होते." ते वाक्य मात्र मी तिने सांगितलं तसंच ठेवलं आहे.

फेब्रुवारीतला फोन

माझा धाकटा चुलतभाऊ तासगावात एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. फेब्रुवारी म्हणजे बेदाण्याचा हंगाम, धड जेवायलाही सवड नसते. त्या दिवसांत रात्री अकराला त्याचं नाव मोबाइलवर दिसलं, तेव्हा मला आधी वाटलं, काकूंचं काहीतरी झालं.

"अक्का, हिनं घरातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून माळ्यावर टाकल्यात. विळीबी. आई म्हणाय लागली, भाजी काय दातानं चिरायची का?"

मुलगी तेव्हा साडेचार महिन्यांची होती. बाळंतपण माहेरी, खानापूर तालुक्यात झालेलं. तिसऱ्या महिन्यात बाळ-बाळंतीण तासगावला आली, बारसं झालं, सगळं रीतसर. एके दिवशी भावजय विळीवर गवार मोडत होती आणि बाळ शेजारी दुपट्यावर पडलं होतं. अचानक तिच्या मनात एक चित्र आलं: ही विळी आणि हे बाळ. ती ताडकन उठली, हात धुतले, देवापुढे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी तेच. मग न्हाणीघरातल्या पाण्याची भीती, मग गच्चीच्या कठड्याची. आठवडाभरात तिने बाळाला एकटीने न्हाऊ घालणं सोडलं. कामावर असलेल्या नवऱ्याला दिवसातून पंधरा-वीस फोन जायचे, आणि प्रत्येक फोनवर एकच प्रश्न: "मी बाळाला काही करणार नाही ना?" तो म्हणायचा, "नाही गं, येड्यासारखं काय विचारतीस." दहा मिनिटांत पुन्हा फोन.

काकूंनी देवर्षीकडून अंगारा आणून झाला होता, उशाखाली लिंबू ठेवून झालं होतं. त्यावर मी फार बोलणार नाही, कारण पुढे मी जे केलं ते त्याहून फारसं शहाणपणाचं नव्हतं.

भावजय माझ्याशी बोलली ती चौथ्या दिवशी, तेही काकू देवळात गेल्यावर, आवाज खाली आणून. ती म्हणाली, "ताई, माझ्यातच राक्षसीण हाय. कुणाला कळलं तर पोरगी काढून घेतील." (हेच ते तिने दुरुस्त केलेलं वाक्य. मी आधी "मला वाईट विचार येतात" एवढंच लिहिलं होतं.)

माझी चूक

आमच्या कॉलेजात परीक्षेआधी ताणतणावावर बोलायला एक बाई यायच्या. आवाज मऊ, हसरा चेहरा, मुलं खूश. त्यांचं केंद्र बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. पाटीवर समुपदेशन, करिअर मार्गदर्शन, स्मरणशक्ती विकास असं सगळं एकाखाली एक लिहिलेलं. मी विचार केला, बाई आहेत, मराठी आहेत, जवळ आहेत, प्रेमाने बोलतात, आणखी काय पाहिजे? त्यांनी नेमकं काय शिक्षण घेतलंय हे मी विचारलं नाही. मानसशास्त्र शिकवणारी मी, आणि मला ते विचारावंसं वाटलं नाही! साडी घेताना पदर उलटून बघते मी.

भावजय चार वेळा गेली, दर खेपेला 500 रुपये. बाईंनी तिचं ऐकून घेतलं, ते चांगलंच केलं. मग मनगटाला रबरबँड घालायला सांगितला. वाईट विचार आला की तो ताणून सोडायचा आणि मनात "थांब" म्हणायचं. शिवाय रोज सकाळी वहीत 21 वेळा लिहायचं, "मी चांगली आई आहे."

वरवर पाहता यात वावगं काय? मलाही काही खटकलं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात भाऊ म्हणाला, सकाळी दोन-दोन तास वहीच चालते. लिहिताना मध्येच तो विचार आला की ती ओळ बाद, पुन्हा एकपासून. बाळ रडत असायचं आणि ही सतराव्या ओळीवर. मनगटावर लाल वळ उठलेले. नवऱ्याला जाणारे फोन कमी झाले होते खरे, कारण तेच फोन आता वहीत होत होते.

मला उलगडा झाला तो उशिरा, आजाराचं नाव कळल्यावर. या आजारात विचार येणं हा अर्धा भाग असतो. तो विचार पुसून टाकण्यासाठी माणूस जे काही वारंवार करतो, तो उरलेला अर्धा. हात धुणं, कडी तपासणं, देवाचं नाव घेणं, कुणालातरी "काही होणार नाही ना" म्हणून विचारणं, हे सगळं त्यातच येतं. त्या कृतीने घटकाभर बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की विचार खरंच धोक्याचा होता, बरं झालं आपण काहीतरी केलं. पुढच्या वेळी तो आणखी जोरात येतो. बाईंनी तिला दोन नव्या कृती नेमून दिल्या होत्या. हेतू चांगला होता, औषध उलटं होतं.

मिरज

मग मिरज. सांगलीकर मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक तिथे दुखणी घेऊन येतात. मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात आम्हाला अडीच तास बसावं लागलं. भावजयीने पदर कपाळापर्यंत ओढलेला, कारण समोरच्या बाकावर तिच्या माहेरच्या गावचा एक माणूस होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. तोही बहुधा स्वतःचं तोंड लपवत असावा.

डॉक्टरांनी वीस मिनिटं दिली, आणि त्या गर्दीत वीस मिनिटं म्हणजे फार. त्यांचे प्रश्न साधे होते. हा विचार आला की करावंसं वाटतं की भीती वाटते? कुणी कानात सांगतंय असं वाटतं का? हे बाळ आपलं नाहीच, किंवा त्याच्यात काही दैवी किंवा वाईट शिरलंय, असं वाटतं का? बाळ झोपलं तरी झोप येत नाही का? स्वतःचं आयुष्य संपवावं असं मनात येतं का? शेवटचा प्रश्न त्यांनी इतका सरळ विचारला की भाऊ दचकला. भावजय मात्र सरळच उत्तर देत गेली. नंतर म्हणाली, पहिल्यांदाच कुणीतरी न घाबरता विचारलं.

निदान झालं मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. आपल्याकडे मंत्रचळ म्हटलं की सोवळ्यातली, दिवसभर हात धुणारी म्हातारी डोळ्यापुढे येते. आईच्या मनात स्वतःच्याच तान्ह्या बाळाबद्दल नको ते चित्र येणं हेही त्यात बसतं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. असे क्षणिक विचार कितीतरी नव्या आयांच्या मनात येतात आणि जातात. हिच्या मनात ते अडकून बसले. ज्याला खरंच इजा करायची असते तो विळी माळ्यावर टाकत नाही, असं डॉक्टर तिला म्हणाले. पण लगेच पुढे म्हणाले, "हे मी एकदाच सांगणार. परत विचारलंत तर सांगणार नाही." तेव्हा मला ते तुसडं वाटलं होतं.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण वाचणाऱ्या एखाद्या घरात ती वेळ असू शकते. बाळंतपणानंतर बाईला भास होत असतील, ती भलत्याच समजुती खऱ्या मानून बोलत असेल, दिवसच्या दिवस झोपत नसेल, आणि बाळाविषयीच्या विचाराची तिला भीती न वाटता तो बरोबरच वाटत असेल, तर ते हे दुखणं नव्हे. ती तातडीची वेळ आहे. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, थेरपिस्ट शोधत बसायचं नाही. स्वतःला संपवण्याचा विचार मनात असेल तरी हेच.

डॉक्टरांनी अंगावर पाजत असल्याचं विचारून त्या हिशेबाने गोळी निवडली. पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतील असं बजावलं. मग म्हणाले, "गोळीने पाणी ओसरेल, पण पोहायला थेरपीत शिकायचं. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीची कृती टाळायची. ती मी करत नाही, माझ्याकडे दिवसाला साठ पेशंट असतात. करणारं माणूस बघा." त्यांनी दोन नावं दिली. गोळ्याही मिरजेतूनच घेतल्या, कारण तासगावातला मेडिकलवाला भावजयीच्या मावशीचा दीर लागतो.

पाट्या आणि पदव्या

शोध सुरू करण्याआधी मी माझंच पाठ्यपुस्तकी ज्ञान झाडून-पुसून घेतलं. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा एमबीबीएसनंतर एमडी किंवा त्या विषयातली पदविका घेतलेला डॉक्टर. औषध तोच लिहितो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषध लिहीत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, 1992 च्या कायद्यानुसार. एम. फिल. हा त्यांचा नेहमीचा रस्ता राहिला आहे. नोंदणी क्रमांक विचारता येतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून पडताळताही येतो. समुपदेशक, कौन्सेलर, थेरपिस्ट हे शब्द मात्र मोकळ्या रानासारखे आहेत. एम. ए. करून पुढे वर्षानुवर्षं कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकलेली उत्तम माणसं त्यात आहेत, आणि सहा रविवारांचा कोर्स करून पाटी लावलेलीही आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी 2021 मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि समुपदेशक त्याच्या कक्षेत आले. पण सांगलीतल्या जिन्याखालच्या पाट्यांवर त्याचा परिणाम मला अजून दिसलेला नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं. त्यात नैराश्य, चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांच्या सुमारे 85 टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. पाच-पन्नास किलोमीटरच्या टापूत एका विशिष्ट थेरपीचं माणूस शोधायला बसल्यावर तो आकडा अंगावर आला.

सात फोन

जुन्या प्रयोगवहीचं मागचं पान फाडलं आणि फोनवर काय विचारायचं ते लिहिलं. शिक्षण आणि नोंदणी हे अर्थातच. पण पहिला प्रश्न ठरवला तो असा: "ओसीडीच्या पेशंटबरोबर तुम्ही नक्की काय करता?" हा प्रश्न मी कुठून शिकले नाही, रबरबँडने शिकवला. शिवाय असे किती पेशंट बघितलेत, औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलाल का, घरच्यांना एखाद्या वेळी बोलवाल का, फी किती, न जमल्यास काय, आणि सगळं मराठीत होईल का.

या शेवटच्या प्रश्नावर थोडं सांगायला हवं. भावजयीचा भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात कोइम्बतूरला असतो. आटपाडी-खानापूरकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत, त्यातलाच एक. तो म्हणाला, इकडं आणा, मोठमोठी हॉस्पिटलं हायत, खर्च मी बघतो. मनाने दिलदार आहे. पण तिथे गेल्यावर ती कोणत्या भाषेत सांगणार होती, "कसंतरीच होतंय, जीव वर आल्यासारखा वाटतोय, मनात घाण येतंय"? हे दुसऱ्याने उल्था करून सांगायचं म्हटलं तर मध्ये बसणारा भाऊच, आणि भावासमोर ती हे बोलणार नव्हती. म्हणून मराठी, आणि तीही पुस्तकी नको.

पहिला नंबर लागला नाही. दुसरे गृहस्थ फक्त मुलांच्या बुद्ध्यांक चाचण्या आणि प्रमाणपत्रांचं काम करत. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि वेळ वाया घालवला नाही, त्याबद्दल आभार. तिसऱ्या ठिकाणी रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, दहा सेशनचं पॅकेज आहे, आधी पूर्ण भरायचं, मॅडम फोनवर बोलत नाहीत. चौथ्यांनी संमोहनाने तीन बैठकांत मुळापासून काढतो असं सांगितलं. मुळापासून हा शब्द ऐकला की मला मूळव्याधीच्या जाहिराती आठवतात. पाचव्या बाई कोल्हापूरच्या. उत्तरं एकदम बरोबर, पण आठवड्यातून एकदा तान्हं बाळ घेऊन तासगावहून कोल्हापूर हे जमणारं नव्हतं, आणि त्यांच्याकडे दोन महिन्यांची रांग होती. सहावे पुण्याचे, फक्त ऑनलाइन, फी 2000.

मध्येच एका रात्री भावजयीला फार घाबरायला झालं. भाऊ कामावर होता आणि मी फोन उचलला नाही. तिने 14416 लावला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या माणसाने तिला अर्धा तास धीर धरायला मदत केली आणि जिल्हा पातळीवर कुठे जाता येईल तेही सांगितलं. रोजच्या थेरपीची जागा तो फोन घेत नाही, पण त्या रात्रीपुरता पुरला. मी फोन न उचलल्याचं तिने अजून काढलेलं नाही, मला मात्र ते आठवतं.

सातवा फोन सांगलीतल्याच एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला. डॉक्टरांनी दिलेलं दुसरं नाव हेच होतं. आधीच लावायला हवा होता, पण आमच्या ओळखीत कुणी त्यांचं नाव ऐकलेलं नव्हतं, म्हणून मी तो मागे ठेवला होता. ओळखीतून चौकशी करायची आपली खोड इथे नडते. या आजाराबद्दल कुणी बोलतच नाही, तर चांगल्या माणसाचं नाव तोंडोतोंडी पसरणार कसं?

मी पहिला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "भीतीची शिडी करतो आणि पायरी-पायरीने चढतो. विचार येऊ द्यायचा, पण नेहमीची कृती करायची नाही. घाबरायला होतं, मी आधीच सांगते." अशा किती केसेस? "ओसीडीच्या बऱ्याच. तान्ह्या बाळाच्या आईच्या दोनच." त्या "दोनच"ने माझा निर्णय झाला. आधी काही ठिकाणी मला खात्री विकली जात होती. इथे पहिल्यांदा कुणी मोजून माप दिलं. फी 800, जमलं नाही तर तीन बैठकांनंतर मोकळेपणाने सांगा, मी दुसरं नाव देईन.

न हसणारी बाई

पहिल्या बैठकीनंतर भावजय बाहेर आली ती तोंड पाडून. "ताई, त्या हसतच नाहीत. आधीच्या बाई कशा डोक्यावरून हात फिरवायच्या."

मी गप्प राहिले. आत मात्र धाकधूक होती, पुन्हा चुकलं की काय. थेरपी करणारा आणि घेणारा यांचं जुळणं उपचारात मोठं काम करतं, हे खरंच आहे, तसं संशोधनही आहे. मग जुळलं नाही तर? पण जुळणं म्हणजे पहिल्या दिवशी बरं वाटणं नव्हे, हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, "तुझं म्हणणं त्यांना कळलं का?" ती विचार करून म्हणाली, "कळलं. मी अर्धं सांगितलं, उरलेलं त्यांनी सांगितलं."

मग तीन बैठका जाऊ देऊ, असं ठरलं.

दुसऱ्या बैठकीत ओसीडीची तीव्रता मोजणारी येल-ब्राउन मापनश्रेणी भरून घेतली. 40 पैकी 27, म्हणजे तीव्र. तिसऱ्या बैठकीत शिडी तयार झाली, आणि ती वाचून मला हसूही आलं आणि रडूही. सर्वांत खालची पायरी: विळी माळ्यावरून काढून फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवणं. मग फडकं काढणं. मग बाळ पलीकडच्या खोलीत असताना काकडी चिरणं. मग बाळ त्याच खोलीत, झोळीत. मग एकटीने न्हाऊ घालणं. सर्वांत वर: घरात दुसरं कुणी नसताना, बाळ शेजारी दुपट्यावर, आणि विळीवर गवार.

रबरबँड पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेला होता. वही जायला जास्त वेळ लागला. थेरपिस्टने ती फाडायला नाही सांगितलं, "मी चांगली आई असेन किंवा नसेन, आत्ता मला माहीत नाही" असं एकदाच लिहून मिटवून ठेवायला सांगितलं. त्या रात्री भावजय जेवली नाही. मला फोन करून म्हणाली, हे असं कोण लिहायला लावतं? मी थेरपिस्टची बाजू घेतली, पण मनातून डगमगले होतेच.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात घसरण झाली. काकडीच्या पायरीवर ती दोनदा रडत उठली, एक बैठक चुकवली. थेरपिस्टने फोन केला आणि विचारलं, "पायरी मोठी झाली का? मधली एक करू." मग काकडीच्या आधी लोणी कापायची पायरी आली, बोथट सुरीने. हा फोन आला तेव्हा भावजयीने पहिल्यांदा "आमच्या मॅडम" असा शब्द वापरला.

घरातली माणसं

सहाव्या बैठकीला त्यांनी नवरा आणि सासू दोघांना बोलावलं. काकू जाताना शिव्या देत होत्या, चुकीचं वळण लागलेल्या पोराची शाळेत तक्रार ऐकायला चालल्यासारख्या. येताना त्या गप्प होत्या.

त्यांना सांगितलेली गोष्ट अवघड होती. सूनबाई "मी काही करणार नाही ना" म्हणून विचारेल तेव्हा "नाही" म्हणायचं नाही. रागवायचंही नाही. "तुला भीती वाटतेय, मी इथेच आहे" एवढंच. भावाला हे जिवावर आलं. वीस वेळा धीर देणं हेच त्याचं प्रेम होतं, आणि आता तेच बंद करायला सांगत होते. मिरजेच्या डॉक्टरांचं "परत सांगणार नाही" मला त्या दिवशी समजलं.

काकूंनी मात्र कमाल केली. एका दुपारी भावजयीने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? मी का देव हाय? चल, भाकरी थाप." थेरपिस्टला हे कळल्यावर त्या हसल्या म्हणे. पहिल्यांदा.

पैशाचं सांगते. 14 बैठकांचे 11,200 रुपये, डॉक्टर आणि गोळ्या वेगळ्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच धरावं असं कलम आहे, पण भावाच्या पॉलिसीत मुळात भरती झाल्याशिवाय कशाचेच पैसे मिळत नाहीत, त्यामुळे समानता कायम राहिली. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, ते बरंच कामाला आलं. तासगाव-सांगली तासाभराचा रस्ता, बाळ काकूंकडे. शेवटच्या चार बैठका व्हिडिओवर झाल्या. भिंतीपलीकडे शेजारीण, तिचा कान तिथेच, म्हणून ती गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसायची. ज्या कठड्याची भीती होती त्याच कठड्याला टेकून. हे मॅडमनी मुद्दाम सुचवलं की आपोआप झालं, ते मी विचारलं नाही.

एक वाद राहिला. गावात काय सांगायचं? भाऊ म्हणायचा, थायरॉइडसाठी जाते असं सांगू. थेरपिस्टने कुठलाही आग्रह धरला नाही. त्यांच्याकडून कुणाला काही कळणार नाही, कायद्यानेही ती गोपनीयता आहे, बाकी तुमचं तुम्ही ठरवा, असं त्या म्हणाल्या. आजतागायत तासगावात भावजयीला थायरॉइड आहे.

पुन्हा फोन

जुलैच्या शेवटी मापनश्रेणीवर 12 आले, म्हणजे सौम्य. विचार येणं थांबलेलं नाही. ती म्हणते, रस्त्यावरून डंपर जातो तसा येतो, आवाज होतो, जातो. गोळी अजून चालू आहे, ती डॉक्टरच कमी करतील. श्रावणात एका सोमवारी मी तासगावला गेले तेव्हा ती ओट्याखाली पाटावर बसून विळीवर लाल भोपळा चिरत होती. मुलगी रांगत येऊन तिचा पदर ओढत होती. मीच "अगं विळी!" म्हणून ओरडले. ती शांतपणे विळीचं पातं मिटवून बाजूला सारत म्हणाली, "रांगतं पोर आहे, ते बघायलाच पाहिजे. हे वेगळं आणि ते वेगळं, ताई."

दिवाळीनंतर सांगलीतल्या मॅडम नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकला गेल्या. व्हिडिओवर बोलायची त्यांची तयारी होती, पण मध्ये एकदा आजाराने उचल खाल्ली आणि भावजयीला समोर बसूनच बोलायचं होतं. मॅडमनी तीन नावं दिली. मी वहीचं ते पान शोधायला लागले, तर ती म्हणाली, राहू द्या, मी लावते.

फोन स्पीकरवर होता. शिक्षण विचारलं, नोंदणी विचारली, फी विचारली. मग माझ्या पानावर नसलेला एक प्रश्न तिने विचारला. "मॅडम, मी तुम्हाला म्हणाले, माझ्या हातून काही होणार नाही ना, तर तुम्ही काय म्हणाल?"

पहिल्या बाई म्हणाल्या, "अहो, काही होणार नाही, तुम्ही इतक्या चांगल्या आई आहात." भावजयीने आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून आवाज आला, "ते मी नाही सांगणार. का नाही, ते भेटल्यावर बोलू."

तिने गुरुवारची वेळ घेतली.